८ बाय ४२ दुर्बीण, भिंगऱ्यांवर तपासून घेतलेली: दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. चांगलं लिहिलं तर लोक विचारतात पैसे किती मिळाले आणि वाईट लिहिलं तर त्यांचे मेल येतात. तसंही ८ बाय ४२ हा साइज सगळ्याच कंपन्या काढतात, आणि मला जे सांगायचंय ते बरंचसं त्या साइजबद्दलच आहे. माझी पडली साडेदहा हजाराला, २०२४ च्या दिवाळीच्या आधी, बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून.

मी राहते दांडिया बाजारला, चष्मा लागतो, मान दुखते, आणि पक्ष्यांचं वेड उशिरा लागलंय म्हणजे पन्नाशीनंतर. त्यातही लोकांना मोठे पक्षी आवडतात, गिधाड नाहीतर फ्लेमिंगो, मला मात्र भिंगऱ्या, म्हणजे इंग्रजीत स्वॅलो. का ते मलाही माहीत नाही, बहुतेक त्या पुलाखाली असतात आणि मला रोज पुलावरून जावं लागतं म्हणून. तर हा रिव्ह्यू भिंगऱ्यांच्या हिशोबाने आहे, तुम्हाला वाघ बघायचा असेल तर वेगळा रिव्ह्यू वाचा. पण एक खरं, जी दुर्बीण भिंगरीला पकडू शकते ती बाकी काहीही पकडेल. ती कधी स्थिर नाही, आहे वीसेक ग्रॅमची, पाण्यावरून खाली जाते आणि तुम्ही फोकस करेपर्यंत पुलाच्या दुसऱ्या बाजूला.

या आधी आमच्याकडे झूमवाली होती. ह्यांनी ऑनलाइन मागवलेली, १० ते ३० झूम, लाल-लाल चकाकणाऱ्या काचा, डब्यावर हरणाचा फोटो. दिसायला एकदम भारी. तिच्यातून बघितलं की वाटायचं पाइपातून बघतोय, आणि झूम वाढवलं की चित्र काळं पडून नाचायला लागायचं कारण हातातली थरथर पण तेवढ्याच पटीत वाढते ना. भिंगरी तिच्यात मला एकदाही सापडली नाही. एकदाही म्हणजे एकदाही नाही. मी समजत होते की माझंच चुकतंय. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर आला, तळमजल्यावर पाणी, खालच्या कपाटात ती दुर्बीण, आणि पंधरा दिवसांनी काढली तर आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. खरं सांगते, गाद्या गेल्याचं दुःख झालं, हिचं नाही झालं.

दुकानातले काका गुजराती, सत्तरीचे असतील. मी म्हटलं मला जास्तीत जास्त झूम द्या. ते हसले, म्हणाले, "बेन, झूम तो रमकडुं छे. उडतां पक्षी माटे आठ बाय बेतालीस." रमकडुं म्हणजे खेळणं. मला वाटलं स्वस्तातली खपवतायत, पण झूमवाल्या तर याच्यापेक्षा स्वस्त होत्या. मग त्यांनी मला दुकानाबाहेर फुटपाथवर उभं केलं आणि समोरच्या जुन्या इमारतीच्या छपराभोवती फिरणारे पक्षी बघायला सांगितलं, आणि मला ते दिसले. उडताना. मी तिथेच कार्ड काढलं, भाव पण केला नाही, जे माझ्या स्वभावात नाही.

आता त्या आकड्यांचं काय ते सांगते, कारण दुकानात कोणी सांगत नाही. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढची काच ४२ मिलिमीटरची. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतं, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोळा तुमच्या डोळ्यात पडतो. खिशात मावणारी १० बाय २५ घेतलीत तर तो अडीचचाच, म्हणजे पुलाखालच्या सावलीत अंधारच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दृश्य किती रुंद दिसतं. माझ्यावर लिहिलंय हजार मीटरवर १२९ मीटर. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण वीस मीटरवर हिशोब केला तर जेमतेम अडीच मीटर. भिंगरी सेकंदाला दहाएक मीटर जाते, म्हणजे ती तुमच्या त्या गोलातून पाव सेकंदात पार. म्हणून जवळून जाणाऱ्या भिंगरीवर दुर्बीण मारू नका, हात दुखेल आणि शिव्या निघतील. लांबची पकडा, शंभर मीटरवरची, तिथे तुमच्याकडे तेरा मीटर जागा आहे, आणि मग तिच्याबरोबर दुर्बीण फिरवत ती जवळ येईपर्यंत यायचं. हे मला कळायला तीन महिने लागले, तुम्हाला फुकट सांगतेय.

दुसरी युक्ती याहून सोपी, तारेवर बसायची वाट बघा. सगळ्यात पहिली नीट दिसलेली तारवाली भिंगरी मी अशीच बघितली, पुलाच्या कठड्याला लागून एक केबल गेलीय तिच्यावर. डोक्यावर विटकरी टोपी, पाठ निळी-काळी चमकणारी, पोट पांढरंशुभ्र, गळ्याला पट्टा-बिट्टा काही नाही, आणि शेपटीच्या दोन कडांना दोन तारा. त्या तारा इतक्या बारीक असतात की नुसत्या डोळ्याला नसतातच, पुस्तकातल्या चित्रात बघून मला वाटायचं चित्रकाराने जरा जास्तच काढल्यात. दुर्बिणीतून बघितलं तर वाऱ्याने हलत होत्या, एक सरळ आणि एक जरा वाकडी. मी कठड्यावर कोपरं टेकून दहा मिनिटं तेच बघत बसले, मागून एक ॲक्टिवावाला थांबून विचारतो, "मासी, मगर छे?" कारण विश्वामित्रीवर दुर्बीण घेऊन उभं राहणारा माणूस मगरच बघतो असा बडोद्यात नियम आहे. मी म्हटलं नाही हो, चकली, म्हणजे गुजरातीतली चिमणी. तो गेला.

तारवालीचं घर पुलाखाली, पाण्याच्या वर, चिखलाची अर्धी वाटी भिंतीला चिकटवलेली. एका जागी एकच जोडी, शेजार चालत नाही, दुसरी आली की पिटाळतात. आणि त्याच नदीवर जरा पुढच्या पुलाखाली बरोबर याच्या उलट कारभार. तिथे स्ट्रीक-थ्रोटेड राहतात, गळ्यावर रेघोट्या असलेल्या, अगदी छोट्या, मळकट, शेपटी जवळपास सरळ कापलेली. यांचं घर म्हणजे चाळ. शेकडो मडकी एकमेकांना चिकटवलेली, प्रत्येकाला पुढे छोटं तोंड, लांबून बघितलं की भलं मोठं मधमाशांचं पोळं वाटतं. एका तोंडातून एक डोकं बाहेर, बाजूच्या तोंडातून दुसरं, आणि दोघी भांडतायत, आमच्या वाड्यातल्या नळावरची आठवण आली. गळ्यावरच्या रेघोट्या मात्र या दुर्बिणीतून पण सावलीत कधी दिसतात कधी नाही, सकाळी साडेआठच्या आत उजेड तिरका आत येतो तेव्हा बघायचं, नंतर सगळं काळं. उजेडाच्या बाबतीत महाग दुर्बीण नक्की पुढे असेल, मी एकांची चाळीस हजारवाली पाच मिनिटं डोळ्याला लावली होती, फरक होता, पण चौपट फरक नव्हता.

भिंगऱ्यांमध्ये मला हळूहळू हेच कळलं की पक्ष्यापेक्षा त्याचं घर बघा. घर काय हलत नाही, निवांत फोकस करा. जगात भिंगऱ्या आणि मार्टिन मिळून साधारण नव्वद जाती, सगळ्या एकाच कुटुंबातल्या, चोच आखूड, तोंड केवढं तरी मोठं, खाणं हवेतले किडे आणि पाणीसुद्धा उडता उडता. अंगाने सगळ्या एका साच्यातल्या, फरक पडतो तो घरात. १९९३ मध्ये विंकलर आणि शेल्डन या दोघांनी डीएनए लावून या कुटुंबाची वंशावळ काढली होती, त्यात मातीची घरं बांधणाऱ्या सगळ्या एकाच फांदीवर आल्या, म्हणजे चिखलाची कला या घराण्यात एकदाच सापडली आणि मग तिचे प्रकार होत गेले, आधी उघडी वाटी, मग झाकलेलं मडकं, मग नळीवालं. वाचल्यापासून मी पुलाखाली बघते ना तेव्हा मला ते पक्षी कमी आणि कुंभारवाडा जास्त दिसतो.

नळीवालं घर बघायचं असेल तर चांपानेर. आम्ही जानेवारीत गेलो होतो, हे पावागडावर दर्शनाला आणि मी खाली जुन्या मशिदींत छताकडे बघत. लालबुडी भिंगरीचं घर घुमटाच्या आत उलटं चिकटवलेलं असतं, सुरईचं पोट छताला आणि मान आडवी निघालेली, त्या मानेतून ती आत जाते. एकेक चिखलाचा मणी वेगळा मोजता येत होता, या दुर्बिणीचा पैसा तिथे वसूल झाला म्हणा. कोरडा दाणेदार चिखल, कुठे फिकट कुठे गडद, म्हणजे दोन-तीन ठिकाणहून आणलाय. स्वतः लालबुडी बाहेर मिळाली, कमरेवर विटकरी पट्टा, आणि शेपटीखालचा भाग काळा, जणू शेपटी शाईत बुडवलीय. ही काळी खूण दुर्बिणीशिवायही दिसते, उडताना खालून.

तिथेच दुसरी परीक्षा झाली आणि हिचे मार्क कापले गेले. क्रॅग मार्टिन म्हणून एक आहे, कड्या-किल्ल्यांवरची, अंगभर धुरकट तपकिरी, पुलाखालच्या काजळीसारखी, अंगावर काही दागिना म्हणून नाही. तिची एकच खूण, शेपटी पसरली की तिच्यात पांढरे ठिपके ओळीने दिसतात. आता ती बुरुजासमोर उडत होती तोवर ठिपके मस्त दिसले, पण ती वर गेली आणि मागे पांढरं आकाश आलं की तिच्या सगळ्या कडेला जांभळी किनार. स्वस्त काचेचं हे लक्षण आहे, काळी वस्तू, मागे झगझगीत उजेड, की रंग फुटतात. विकणारे हे सांगत नाहीत. विकत घेण्याआधी दुकानाबाहेर येऊन विजेच्या तारेकडे बघा, तार आकाशावर धरा, जांभळी-हिरवी झाली की समजा. सगळ्यांत थोडी होते, किती होते ते बघायचं.

आणखी एक गंमत, या क्रॅग मार्टिनला आणि आपल्याकडच्या लालबुडीला, दोघींना शास्त्रीय नाव दिलं ते साइक्सने, १८३२ साली, बॉम्बे आर्मीतला अधिकारी, दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली त्याने. तेव्हा ओळखायची रीत म्हणजे बंदूक, पक्षी हातात आला की ठिपके मोजा. मला जांभळी किनार चालेल.

माळभिंगरीसाठी वढवाणा. डभोई तालुक्यातला तलाव, सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला, २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलाय, हिवाळ्यात सगळं बडोदं तिथे बदकं बघायला. पहाटे साडेपाचला निघालो, येताना सेव उसळ खायची असं ह्यांना कबूल करून, नाहीतर ते गाडी काढत नाहीत. बदकांकडे मी फार बघितलं नाही. तलावाच्या पाळीवर तारेवर माळभिंगऱ्या ओळीने, शंभर तरी असतील, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. कपाळ आणि गळा विटकरी, त्याच्याखाली निळा-काळा पट्टा, तारवालीला हा पट्टा नसतो, एवढं लक्षात ठेवलं की दोघींत गोंधळ नाही. शेपटीवर विसंबू नका. पुस्तकात माळभिंगरीची शेपटी लांब दुभागलेली दाखवतात आणि डेन्मार्कमध्ये एकाने १९८८ मध्ये नरांच्या शेपट्या कापून-चिकटवून लांब-आखूड करून दाखवलं होतं की लांब शेपटीवाल्याला बायको लवकर मिळते, पण इकडे येतात त्या थंडीत आणि थंडीतच त्यांची पिसं बदलतात, त्यात वर्षाची पिल्लं मिसळलेली, त्यांची शेपटी आधीच आखूड. मी ओळीतल्या तीस मोजल्या, पूर्ण लांब शेपटीच्या सात निघाल्या. लग्नाआधीचं पार्लर चालू होतं म्हणायचं.

या काश्मीर-हिमालयात आणि त्याच्या उत्तरेला घरं करतात, तिकडे गोठ्यात, ओसरीत, माणसांच्या डोक्यावर. पूर्वी युरोपात लोकांना वाटायचं की भिंगऱ्या थंडीत तळ्याच्या तळाशी जाऊन झोपतात. मग इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधल्या एका घरी मे १९११ मध्ये एकीच्या पायात कडं घातलं आणि ती डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात सापडली. त्यात दुर्बिणीचा काही हात नव्हता, हे दुर्बिणीच्या रिव्ह्यूत प्रामाणिकपणे नोंदवते.

मही नदीवर सिंधरोटला पण गेले होते, तिथे मातीच्या उभ्या काठात बिळं करणाऱ्या पिटुकल्या मार्टिन असतात, सगळ्यांत लहान, मातीच्याच रंगाच्या, गळा राखाडी. या चिखल थापत नाहीत, बीळ खणतात, घराण्यातली जुनी रीत. पण नदी रुंद, त्या पलीकडच्या काठाला, ऊन माझ्या तोंडावर. तिथे ८ पट कमी पडली, खोटं कशाला बोलू, १० पट हवी होती. दीड वर्षात हे एकदा.

आता घरची गोष्ट. सासूबाई गच्चीत बसतात संध्याकाळी, त्यांच्यासाठी सगळ्या पाकोळ्याच. मी म्हटलं आई, ह्या तुमच्या वाड्याभोवती किंचाळत फिरतात ना त्या भिंगऱ्या नव्हेत, त्या पाकोळ्या, म्हणजे स्विफ्ट, पंख विळ्यासारखे, कमरेला पांढरा पट्टा, आणि त्या तारेवर कधीच बसणार नाहीत कारण चारही बोटं पुढेच, पकडून बसताच येत नाही, भिंतीला लटकतात. नात्याने बघाल तर त्या हमिंगबर्डच्या जवळच्या, भिंगरीशी काही संबंध नाही, नुसता धंदा एक म्हणून तोंडवळा सारखा. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांनी दुर्बीण घेतली, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "बसत नाही म्हणतेस, मग झोपतात कुठे गं?" छपराखालच्या घरट्यात, म्हटलं. "मग मी म्हणते तेच ना, छपरातली पाकोळी." त्यांना चष्मा काढून बघायचा होता, मला चष्म्यासकट, त्यामुळे ही एक चांगली गोष्ट सांगते, डोळ्याला लावायचे रबरी कप फिरवून आत-बाहेर होतात, आत केले की चष्म्यातून पूर्ण गोल दिसतो. आणि उजव्या डोळ्याचा नंबर वेगळा असेल तर उजवीकडे एक रिंग आहे ती एकदा लावून घ्या, लोक ती लावतच नाहीत आणि मग म्हणतात डोकं दुखतं.

तक्रारी. फोकसचं चाक फार फिरवावं लागतं, जवळून लांब जायला पावणेदोन फेरे, बदकाला चालतं, भिंगरी तेवढ्यात पादरा गावाला पोचते. यावर उपाय म्हणजे पंचवीसेक मीटरवर फोकस लावून ठेवायचा, पुढचं जवळपास सगळं बरं दिसतं. पट्टा अगदी रद्दी, नायलॉनची नाडी, साडेसहाशे ग्रॅम त्याच्यावर लटकवलं की दुपारपर्यंत मानेवर लाल वळ, मी जुन्या ओढणीचा तुकडा आत शिवून घेतला. डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय आणि नायट्रोजन भरलाय असंही, आमच्या पावसात दोनदा भिजली, आत वाफ धरली नाही, तेवढं खरं निघालं. पावसाळ्यात कपाटात ठेवत नाही आता, सिलिका जेलच्या पुड्या टाकून स्टीलच्या डब्यात, वरच्या मजल्यावर.

आणि झाकणं. पुढच्या काचांची झाकणं रबराच्या एका रिंगने लटकतात आणि ती रिंग सैल. मी कंपनीला मेल केला, उत्तर आलं की झाकण वॉरंटीत येत नाही, ॲक्सेसरी आहे, वेगळं विकतही मिळत नाही. म्हणजे नुसती काच घेतली असं समजायचं.

पाचपैकी चार देते. फर्स्ट टाइम घेताय तर ८ बाय ४२ च घ्या, १० च्या मोहात पडू नका, झूमच्या तर अजिबात नाही, आणि घेताना दुकानातून बाहेर येऊन उडणारं काहीतरी बघून घ्या, समोरचा बोर्ड वाचून नको, बोर्ड सगळ्यातून वाचता येतो.

डावं झाकण गेल्या महिन्यात गेलं. तारवालीची पिल्लं वाटीच्या काठावर आली होती, चार, सगळ्यांची तोंडं पिवळी आणि उघडी, आई येते, एकाला भरवते, जाते, मी कठड्यावरून जरा जास्तच वाकले आणि टप्प. खाली गाळावर पडलंय, काळं, गोल, वरून स्पष्ट दिसतं. परवा बघितलं तर त्याच्या हातभर अंतरावर एक मगर ऊन खात पडलेली होती. ह्यांना म्हटलं, आणता का.